यामाहा एमजी१०एक्सयू घरच्या रेकॉर्डिंगसाठी: मिक्सर झकास, पण आधी त्याची जोडणी समजून घ्या

आधीच सांगून टाकते, यामाहाचा एमजी१०एक्सयू मला मनापासून आवडतो आणि घरी एकट्यादुकट्याने गाणं रेकॉर्ड करून अधूनमधून बाहेरही गाणाऱ्या कुणालाही मी तो बिनधास्त सुचवते. पण बरेच जण जे डोक्यात ठेवून तो घेतात ते काम तो करत नाही, आणि हे पैसे मोजायच्या आधी कळलेलं बरं. नावात १० आहे, चॅनल दहा आहेत, यूएसबी आहे, मग साहजिकच वाटतं की दहा गोष्टी लावल्या की सॉफ्टवेअरमध्ये दहा वेगळे ट्रॅक येणार. येत नाहीत. दहा गल्ल्या एकाच दुपदरी रस्त्याला येऊन मिळाव्यात तसं आहे हे, आत काहीही लावा, कॉम्प्युटरकडे जातो तो डावा आणि उजवा असा फक्त एक स्टिरिओ मिक्स. आवाज, गिटार, कीबोर्ड सगळं एकत्र कालवलेलं, नंतर गिटार थोडी खाली घेऊ म्हटलं तर घेता येत नाही कारण ती वेगळी राहिलेलीच नसते.

म्हणून या मिक्सरबद्दल लिहायचं तर निम्म्याहून जास्त त्याच्या जोडणीबद्दलच लिहावं लागतं. नुसतं आवाज कसा आहे, बांधणी कशी आहे एवढं सांगून भागत नाही. नीट लावला तर या दोनच वाटांमधून तुम्ही वीस ट्रॅकचं गाणं बांधू शकता, आणि कसाही लावला तर पहिल्याच दिवशी हेडफोनमध्ये ओऽऽऽ असा लूप ऐकून मिक्सर खराब निघाला म्हणून परत खोक्यात जाईल.

काय काय मिळतं ते पटकन सांगते. ही एमजी मालिकेची तिसरी पिढी, २०१४ ची. पहिले चार चॅनल मोनो, त्यात माइक लावता येतो, मग ५/६, ७/८ आणि ९/१० असे तीन स्टिरिओ. चारही माइकना यामाहाचे डी-प्री नावाचे प्रीअ‍ॅम्प (माइकचा बारीक सिग्नल वाढवणारे भाग) आहेत. १ आणि २ ला एका नॉबचा कॉम्प्रेसर, म्हणजे आवाजातला हळू-जोराचा फरक कमी करणारा. मोनो चॅनलना तीन पट्ट्यांचा ईक्यू (आवाजातला वरचा, मधला, खालचा भाग कमीजास्त करायला), ८० हर्ट्झचा हाय पास फिल्टर, २६ डीबीचा पॅड (सिग्नल तेवढा कमी करणारं बटण). यामाहाच्या एसपीएक्सचे २४ इफेक्ट, रिव्हर्ब (घुमणारा आवाज) वगैरे. मुख्य आउटपुट एक्सएलआरचे (माइकच्या केबलला असतो तो तीन पिनांचा जोड), यूएसबी २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झपर्यंत. बॉडी धातूची आहे, हातात घेतला की कळतं. फेडर (वरखाली सरकवायच्या पट्ट्या) नाहीत, सगळे गोल नॉब, आणि घरच्या कामाला त्याने काहीही बिघडत नाही, कारण रेकॉर्डिंग चालू असताना तुम्ही नॉब फिरवत बसणार नाही आहात, बसूही नका.

आता जोडणी. मिक्सर टेबलावर अशा जागी ठेवा की हेडफोन घालून, माइकसमोर उभं राहून सुद्धा गेनच्या (माइकचा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणाऱ्या) नॉबला हात पोचेल आणि पीकचा लाल दिवा डोळ्यांना दिसेल. ही साधी गोष्ट आहे पण लोक मिक्सर लॅपटॉपच्या मागे कोपऱ्यात ढकलतात आणि मग लाल दिवा पेटतोय का ते कुणालाच दिसत नाही. सुरू करताना आधी मिक्सर, स्पीकर सगळ्यात शेवटी, बंद करताना बरोब्बर उलटं, म्हणजे मिक्सर चालू-बंद होताना जो ठप्प आवाज होतो तो स्पीकरच्या कोनला बसत नाही. माइक लावताना सगळे लेव्हल खाली, माइक जोडून झाला की मग फँटम, म्हणजे कंडेन्सर माइकला चालायला लागणारी वीज. एमजी१०एक्सयूला फँटमचं बटण एकच आहे, चारही माइकना एकदम ४८ व्होल्ट जातात. कंडेन्सरसोबत एसएम५८ सारखा डायनॅमिक माइक लावलेला असेल तर चिंता नको, धड बॅलन्स्ड केबलवर त्याला काही होत नाही, पण जुना रिबन माइक कुणाकडून आणला असेल तर तो फँटम चालू असताना लावू नका, रिबन जाऊ शकते.

केबलबाबत मी जरा कडक आहे. माइकला एक्सएलआर, स्पीकरला जाणाऱ्या वायरी शक्यतो टीआरएस, म्हणजे जॅकच्या टोकाला दोन काळ्या रेघा असतात त्या. या बॅलन्स्ड केबलमध्ये सिग्नल दोन तारांवरून एकमेकांच्या उलट असा जातो, वाटेत जी घरघर शिरते ती मात्र दोन्ही तारांवर सारखी शिरते, आणि पलीकडे दोन्हींतला फरक घेतला की ती घरघर वजा होऊन जाते. एका रेघेची गिटारची केबल असते तिला ही सोय नसते, म्हणून ती जितकी आखूड तितकी बरी.

गिटारवरून आठवलं, या मिक्सरला गिटार थेट लावायची हाय-झेड, म्हणजे जास्त ओहमच्या इनपुटची, सोय नाहीये. इलेक्ट्रिक गिटार, बेस किंवा अकूस्टिक गिटारमधला बॅटरी नसलेला पिझो पिकअप हे सरळ लाइन इनपुटला लावलं की आवाज मेल्यासारखा येतो, वरची चमक जाते, आणि मग लोक हायचा नॉब पिळत बसतात. ते ईक्यूचं काम नाहीच. पिकअपला पुढे साधारण १ मेगाओहमचं इनपुट हवं असतं आणि लाइन इनपुट त्याच्या मानाने फारच कमी ओहमचं असतं, त्यामुळे पिकअपवर भार पडतो. एक डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल माइकच्या इनपुटला जुळवून देणारी छोटी डबी) मधे घाला, तो माइकच्या इनपुटला लावा, संपला प्रश्न. गिटारमध्ये बॅटरीवाला प्रीअ‍ॅम्प असेल तर थेट चालते.

गेन. इथे जरा थांबते कारण घरच्या रेकॉर्डिंगमध्ये जो काही सळसळाट आणि जी काही फाटलेली तान ऐकू येते ती बहुतेक वेळा इथेच ठरते. चॅनलचा लेव्हल नॉब खुणेवर ठेवा, मास्टरचा पण खुणेवर, मग गाण्यातली सगळ्यात जोरात जाणारी ओळ म्हणा, हॅलो हॅलो चेक नाही, ती खरी ओळ, पूर्ण ताकदीने, आणि गेन वाढवत जा. पीकचा दिवा अगदी जोरातल्या जागी क्वचित लुकलुकला तर तो इशारा समजा, क्लिप व्हायच्या, म्हणजे आवाज फाटायच्या, ३ डीबी आधीच तो लागतो, आणि मग मी तिथून गेन अजून थोडा मागे घेते, कारण रेकॉर्डिंग सुरू झालं की माणूस चेकपेक्षा जोरात गातो, नेहमीच. सॉफ्टवेअरच्या मीटरवर आवाज सरासरी उणे १८ डीबीच्या आसपास आणि उंच जागा उणे १० ते उणे ६ च्या मधे आल्या की मी समाधानी. मीटर भरलेला दिसला पाहिजे हा हट्ट जुन्या १६ बिटच्या काळातला, २४ बिटमध्ये खाली इतकी जागा असते की थोडं हळू रेकॉर्ड झालेलं नंतर सहज वर आणता येतं, फाटलेलं मात्र काही केल्या शिवता येत नाही.

आणि इथे या मिक्सरचं मनापासून कौतुक. माइकला कमाल ६४ डीबी गेन मिळतो. एसएम५८ किंवा एसएम५७ तोंडापासून मूठभर अंतरावर असेल तर पूर्ण ताकद लावायची वेळच येत नाही आणि त्यामुळे सळसळ पण येत नाही. शुअरचा एसएम७बी सगळ्यांना हवा असतो, त्याला किमान ६० डीबीच्या आसपास गेन लागतो, म्हणजे हा मिक्सर तो चालवेल पण नॉब जवळजवळ शेवटाला टेकेल, हळू आवाजात बोलणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. हाय पासचं बटण आवाजाला कायम दाबलेलं ठेवा, टेबलाची थडथड, पंख्याचा घुमारा, पावलांचे धक्के सगळं ८० हर्ट्झच्या खाली कापलं जातं आणि गाण्याच्या आवाजातलं काही जात नाही. बेसला मात्र ते बटण वर. पॅड फक्त फारच जोरातला सिग्नल आला तर दाबायचा, गेन पूर्ण खाली नेऊनही लाल दिवा पेटत असेल तेव्हा. आवाज खूप बारीक येतोय, काय झालं काय झालं म्हणून जेव्हा लोक विचारतात तेव्हा पहिल्यांदा पॅड दाबलेला आहे का ते बघायला सांगते, आणि बऱ्याचदा असतोच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, लूप. समजा आधी गिटार रेकॉर्ड केली, आता ती ऐकत ऐकत गायचंय. सॉफ्टवेअरमधली गिटार यूएसबीवरून परत मिक्सरमध्ये येते, ९/१० चॅनलवर. तो चॅनल जर मुख्य स्टिरिओ मिक्समध्ये मिसळत असेल तर ती गिटार पुन्हा कॉम्प्युटरकडे जाणार, तुमच्या आवाजासोबत पुन्हा रेकॉर्ड होणार, आणि सॉफ्टवेअरमध्ये मॉनिटरिंग (आत येणारा आवाज लगेच परत ऐकवणं) चालू असेल तर ती पुन्हा मिक्सरमध्ये, पुन्हा कॉम्प्युटरमध्ये, आणि मग शिट्टी. यावर उपाय मिक्सरवरच दिलेला आहे. ९/१० वर एक बटण आहे ज्याने तो चॅनल लाइनवरून यूएसबीवर येतो, आणि दुसरं एक, टू मॉन / टू एसटी. ते टू मॉन वर ठेवा. म्हणजे कॉम्प्युटरचा आवाज फक्त हेडफोनला आणि मॉनिटर आउटला जातो, मुख्य मिक्समध्ये जात नाही, रेकॉर्ड होत नाही. एवढ्याशा बटणामुळे हा मिक्सर घरच्या ओव्हरडबसाठी (आधीच्या ट्रॅकवर नवीन थर चढवायला) लायक ठरतो आणि माझ्या मते हा मिक्सर घेण्याचं पहिलं कारण हेच आहे, इफेक्ट वगैरे नंतर. एकावेळी दोनच ट्रॅक जातात हे खरं, पण एकावर एक कितीही थर चढवा ना, गिटार, मग आवाज, मग दुसरा आवाज, मग बासरी, प्रत्येक वेळी नवीन तेवढंच स्वच्छ जातं.

याचाच एक परिणाम लोकांच्या लक्षात येत नाही. स्पीकर मॉनिटर आउटला लावायचे, एक्सएलआरच्या मुख्य स्टिरिओ आउटला नाही. मुख्य आउटला लावले आणि बटण टू मॉन वर असलं तर कॉम्प्युटरचं काहीच स्पीकरवर वाजणार नाही, हेडफोनमध्ये वाजेल, आणि तुम्ही ड्रायव्हर काढून टाकून परत टाकत बसाल. मॉनिटर आउटला लावा आणि विसरून जा. माइक चालू असताना स्पीकर अर्थातच बंद.

तुमच्याकडे दुसरा कुठला छोटा मिक्सर असेल तर त्यावरही हे बटण शोधा, नाव वेगळं असेल. बेहरिंजरच्या छोट्या यूएसबीवाल्या झेनिक्स मिक्सरांवर टू मेन आणि टू फोन्स / कंट्रोल रूम अशी दोन बटणं असतात, त्यातलं दुसरं दाबायचं, पहिलं नाही.

दोघांनी एकदम वाजवायचं असेल, किंवा एकटीनेच गिटार वाजवत गायचं असेल, तर दोन वाटांचा पुरेपूर उपयोग करायचा. आवाजाच्या चॅनलचा पॅन (डावं-उजवं ठरवणारा नॉब) पूर्ण डावीकडे, गिटारचा पूर्ण उजवीकडे, अगदी टोकापर्यंत. सॉफ्टवेअरमध्ये स्टिरिओ ट्रॅक न घेता दोन मोनो ट्रॅक घ्या, एकाचं इनपुट १, दुसऱ्याचं इनपुट २. झालं, आवाज वेगळा, गिटार वेगळी, नंतर हवं ते करा. ऐकताना एका कानात आवाज आणि एका कानात गिटार येते, हे पहिल्यांदा फार विचित्र वाटतं आणि काही गायकांना सुराला धरून गाताच येत नाही, त्यांच्यासाठी मी सरळ आधी गिटार आणि मग आवाज असंच सुचवते. पण वाजवत गाण्यात जो जिवंतपणा असतो, शब्दावर हात थोडा थांबतो, श्वासासोबत लय किंचित सैल होते, ते वेगवेगळं रेकॉर्ड करून येत नाही, त्यामुळे माझं मत विचाराल तर या विचित्र हेडफोनची सवय करून घ्या.

फक्त पॅन टोकाला नेला म्हणजे दोन्ही खरंच वेगळे झाले असं नाही, कारण गिटारचा आवाज गाण्याच्या माइकमध्ये शिरतोच. कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज घेणाऱ्या) माइकची पाठ सगळ्यात बहिरी असते, तर गाण्याचा माइक थोडा खालून वर तोंडाकडे असा लावा की त्याची पाठ गिटारकडे येईल. गिटारचा माइक बाराव्या फ्रेटकडे, आवाजाच्या भोकासमोर नको, तिथे नुसती धमधम येते आणि मग ईक्यू कापावा लागतो. दोन माइकमधलं अंतर, माइक आणि त्याच्या वाद्यातल्या अंतराच्या निदान तिप्पट ठेवायचं असा एक जुना नियम आहे, बसून गाताना तो पूर्ण पाळता येत नाही पण त्या नियमाच्या जितकं जवळ जाल तितका आवाज कमी पोकळ येतो.

एकच माइक असेल तर पॅन मधे ठेवून स्टिरिओ ट्रॅक घेऊ नका, दोन्ही बाजूंना तोच आवाज येतो, फाइल दुप्पट आणि फायदा शून्य. मोनो ट्रॅक, इनपुट १, बास.

इफेक्ट, कॉम्प्रेसर, ईक्यू याबद्दल माझं मत कडक आहे आणि सगळ्यांना पटत नाही. मिक्सरवर जे कराल ते रेकॉर्डिंगमध्ये कायमचं बसतं. २४ इफेक्टमध्ये रिव्हर्ब खरंच छान आहेत, लाइव्ह गायला किंवा रियाजाला ऐकायला मजा येते, पण ते मुख्य मिक्समध्ये मिसळतात, म्हणजे तुमच्या आवाजासोबत रेकॉर्ड होतात आणि नंतर काढता येत नाहीत. शिवाय हेडफोनमध्ये गाताना रिव्हर्ब नेहमी जास्तच हवासा वाटतो, दुसऱ्या दिवशी ऐकलं की आवाज विहिरीतून आल्यासारखा. तर रेकॉर्ड करताना एफएक्सचा (इफेक्टचा) नॉब शून्यावर. आता कोरड्या आवाजात गाता येत नाही हे पण खरंय, सुराचा आधारच जातो, त्यावर एक युक्ती आहे जी मला फार आवडते. सॉफ्टवेअरमध्ये आवाजाच्या ट्रॅकवर मॉनिटरिंग चालू करायचं पण रिव्हर्बचं प्लगइन पूर्ण वेट ठेवायचं, कोरडा आवाज त्यातून अजिबात येऊ द्यायचा नाही. तुमचा कोरडा आवाज मिक्सरमधून लगेच ऐकू येतो, रिव्हर्ब कॉम्प्युटरमधून काही मिलिसेकंद उशिरा येतो, आणि रिव्हर्ब तर उशिराच यायचा असतो, कानाला काही खटकत नाही. तो परत येतो ९/१० वर, तिथे टू मॉन आहेच, म्हणजे रेकॉर्ड कोरडंच होतं.

हे सोडून बाकी वेळी सॉफ्टवेअरचं मॉनिटरिंग बंद. मिक्सर असण्याचं मोठं सुख हेच की स्वतःचा आवाज कॉम्प्युटरमधून फिरून न येता सरळ कानात येतो. ४८ किलोहर्ट्झला २५६ सॅम्पलचा बफर (कॉम्प्युटर आवाज ज्या तुकड्यांत हाताळतो तो तुकडा) म्हणजे ५.३ मिलिसेकंद, आत जाताना एवढा आणि बाहेर येताना एवढा, वर ड्रायव्हरचा वेगळा. दोन्ही मॉनिटरिंग चालू राहिलं तर तोच आवाज दोनदा कानात पडतो, नळीतून गातोय असं वाटतं. सॅम्पल रेट ४८ पुरेसा आहे, १९२ च्या मागे लागू नका, फाइली फुगतात आणि लॅपटॉप धापा टाकतो.

ईक्यू वाईट नाही, हाय १० किलोहर्ट्झ, मिड २.५ किलोहर्ट्झ, लो १०० हर्ट्झ अशा ठरलेल्या जागा आहेत, जागा बदलता येत नाही. त्यामुळे नाकातला आवाज किंवा खोलीचा घुमारा त्याने नेमका कापता येत नाही. मी तिन्ही सरळ मधे ठेवते आणि माइक इंचभर हलवून बघते, त्याने जास्त फरक पडतो. कॉम्प्रेसर एका नॉबचा, थोडासा उघडला तर बोलण्याच्या रेकॉर्डिंगला बरा, पॉडकास्टवाल्यांनी जरूर वापरावा. गाण्याला नको.

कॉम्प्युटरच्या बाजूने फार काही नाही. मॅकला वेगळा ड्रायव्हर लागत नाही, विंडोजला यामाहा स्टाइनबर्ग यूएसबी ड्रायव्हर टाकावा लागतो, आधी ड्रायव्हर टाका मग केबल लावा. क्युबेस एआय या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरचं लायसन्स सोबत मिळतं, सुरुवातीला भरपूर झालं. विंडोजचे नोटिफिकेशनचे टिंगटाँग आवाज बंद करून टाका, टू मॉन असेल तर रेकॉर्ड होणार नाहीत पण ऐन तानेच्या वेळी कानात वाजतात.

घरघर येत असेल तर. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. घरघर गेली तर ग्राउंड लूप आहे, मिक्सर आणि लॅपटॉप वेगवेगळ्या सॉकेटवरून चालू आहेत आणि यूएसबीची केबल दोघांच्या अर्थला जोडतेय. सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणा, बहुतेक वेळा तेवढ्याने निम्मं काम होतं, उरलेलं रेकॉर्डिंगपुरतं लॅपटॉप बॅटरीवर चालवून. गिटारच्याच बाजूने येत असेल तर डीआय बॉक्सवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं ते दाबा. प्लगची अर्थची पिन काढून घरघर घालवायचा सल्ला कुणी दिला तर कृपया ऐकू नका, हातात गिटारच्या तारा आणि तोंडाजवळ धातूचा माइक असतो, त्यात जीव जाऊ शकतो. आणि सळसळ असेल, घरघर नाही, तर जे चॅनल वापरात नाहीत त्यांचे लेव्हल आणि गेन पूर्ण खाली करा, उघडा राहिलेला प्रत्येक प्रीअ‍ॅम्प थोडी थोडी सळसळ मिक्समध्ये टाकत असतो.

मग घ्यावा कुणी? तुम्ही घरी थर चढवत रेकॉर्ड करता, अधूनमधून चारपाच जणांत छोटा कार्यक्रम करता, कधी ऑनलाइन लाइव्ह गाता, तर हा घ्या, तिन्ही कामं एकच वस्तू करते आणि गायकाला हाताशी नॉब असण्याचा जो दिलासा असतो तो सॉफ्टवेअरमधल्या स्लायडरला नाही. तुम्ही फक्त आणि फक्त घरीच रेकॉर्ड करणार, कधी बाहेर वाजवणार नाही, तर खरं सांगते, दोन इनपुटचा साधा ऑडिओ इंटरफेस (माइक-गिटार कॉम्प्युटरला जोडणारी छोटी पेटी) घ्या, कमी वस्तू, कमी वायरी, दोन ट्रॅक आपोआप वेगळे, हाय-झेड पण मिळतं. चार वाटा हव्यात तर साउंडक्राफ्टचा नोटपॅड-१२एफएक्स किंवा अ‍ॅलन अँड हीथचा झेडईडीआय-१० बघा, दोन्ही चार चॅनल यूएसबीवर वेगळे पाठवतात. आणि अख्खा बँड एकदम, ड्रमसकट, प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर हवंय, तर टास्कमचा मॉडेल १२, तो प्रत्येक चॅनल वेगळा पाठवतो आणि कॉम्प्युटरशिवाय कार्डवर पण रेकॉर्ड करतो. तिथे एमजी१०एक्सयूकडून अपेक्षा करणं त्याच्यावर अन्याय आहे.

घेताना नाव नीट वाचा. नुसता एमजी१० पण मिळतो आणि तो दिसायला अगदी जवळचा आहे, पण त्यात इफेक्ट नाहीत आणि यूएसबीच नाही. एक्स म्हणजे इफेक्ट, यू म्हणजे यूएसबी, दोन्ही अक्षरं हवीत. वापरलेला घेत असाल तर हेडफोन लावून प्रत्येक नॉब हळूहळू पूर्ण फिरवून बघा, खरखर आली तर त्या नॉबमध्ये धूळ गेलीय, फवारणीने बऱ्याचदा जाते पण भाव कमी करायला पुरेसं कारण आहे. एक कंडेन्सर माइक सोबत न्या आणि चारही इनपुटना लावून फँटम येतंय का बघा. यूएसबी लॅपटॉपला लावून दोन्ही बाजू रेकॉर्ड होतात का तेही तिथल्या तिथे. आणि अ‍ॅडाप्टर मूळचा पीए-१० आहे ना ते सगळ्यात आधी बघा, तो तीन पिनांचा आणि एसी आउटपुटचा आहे, घरात पडलेला साधा गोल पिनेचा डीसी अ‍ॅडाप्टर त्याला बसतही नाही आणि चालतही नाही, त्यामुळे अ‍ॅडाप्टर हरवलाय, कुठलाही लावा असं कुणी म्हणालं तर पीए-१० चा खर्च धरूनच पुढचं बोला.